मास्तरांची हलकी पँट

मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पँटी शिवल्या, पण स्वतःच्या एका पँटीवर त्यांचा जेवढा राग होता तेवढा गिऱ्हाइकाने परत आणून फेकलेल्या कोटावरही कधी नव्हता. ही पँट कापडाची नव्हती. जाड हिरव्या रबराची, बुटांपासून थेट छातीपर्यंत एकसंध, खांद्यावर दोन पट्टे, मासे पकडणारे लोक पाण्यात उतरताना घालतात तसली. ठिकठिकाणी सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावलेली. कोरडी असतानाच ती भिजलेल्या गादीएवढी जड होती. भिजल्यावर किती जड व्हायची ते विचारू नका.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. सुईत दोरा ओवायला शेजारच्या फुलवालीला हाक मारायची वेळ आली, त्याच आठवड्यात त्यांनी शटर खाली ओढलं ते पुन्हा वर केलं नाही. कापड कापायचं मोठं टेबल तेवढं घरी आणलं. दुकान गेलं म्हणून ते डोक्याला हात लावून बसले नाहीत, कारण होडी शिल्लक होती. मोसम सुरू झाला की दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं, मेहुण्याबरोबर होडी पाण्यात घालायची आणि ऊन तापेपर्यंत गळ टाकून बसायचं. बाकीचे सहा दिवस त्या एका दिवसाच्या आधाराने निघून जायचे.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, पण मेहुणा व्हायच्या आधी तो मास्तरांचा दोस्त होता, त्यामुळे त्या दोघांत अहोजाहो कधी शिरलंच नाही. त्याला सगळे भोंगा म्हणत. कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, ती नोकरी सुटली तरी सुटली नाही. आणि शिवी घातल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. मास्तरांना तो रताळ्या, टोणग्या, अकलेच्या कांद्या यांपैकी जे तोंडात येईल त्या नावाने हाक मारायचा. मास्तरांचं खरं नाव त्याला आठवत असेल की नाही, याचीच शंका होती.

होडी भोंग्याची, पण ती पाण्यात न्यायचं काम मास्तरांचं. तळ्याच्या या बाजूला धक्का नव्हता, नुसता उथळ खडीचा काठ होता. दोघं आधीच चढून बसले तर होडी खडीवरच रुतून बसायची. म्हणून भोंगा वल्ही घेऊन आत बसायचा, मास्तर मागून ढकलत मांडीभर पाण्यात जायचे आणि होडी नीट तरंगली की डाव्या कडेवर दोन्ही हात टेकून, एक उसळी मारून, पाय आत टाकायचे. त्या वेळी भोंगा उजव्या कडेवर जाऊन बाहेर झुकून बसायचा, मास्तरांकडे पाठ करून. हा त्यांच्या होडीचा नियम होता. चढणाऱ्याला हात द्यायचा नाही आणि चढणाऱ्याने हात मागायचा नाही. पहिल्याच वर्षी भोंग्याने हात द्यायला म्हणून मास्तरांच्या बाजूला वजन टाकलं होतं, होडी उलटली होती, आणि डबा, थर्मास आणि भोंग्याचा एक बूट तळ्याने कायमचे ठेवून घेतले होते. तेव्हापासून भोंगा पाठ फिरवून तोलाला बसायचा. मास्तर कसे चढतात हे त्याने त्यानंतरच्या इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पण होडीची कड किती दबते, किती वेळ दबलेली राहते, हे त्याच्या बुडाला बरोबर कळायचं.

गेल्या मोसमाच्या शेवटी ती फार वेळ दबलेली राहू लागली. शेवटच्या रविवारी मास्तरांनी दोनदा उसळी मारली आणि दोनदा परत पाण्यात आले. तिसऱ्या खेपेला ते कसेबसे पोटावर पडून आत घरंगळले.

"हत्ती चढतोय का रे मागून?" भोंगा तळ्याकडे तोंड करून ओरडला.

"पँट जड आहे," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"मग नवी घे, रताळ्या. नाहीतर पुढच्या मोसमात काठावर बस आणि बेडूक मोज."

भोंग्याने ते थट्टेने म्हटलं. मास्तरांनी ते सगळा हिवाळा मनात घोळवलं. काठावर बसलेला मास्तर त्यांना दिसायचा, हातात थर्मासचं झाकण, समोर होडी लांब जात चाललेली. भोंग्याला कुणीतरी दुसरा साथीदार मिळेल, त्यात अवघड काहीच नव्हतं. मास्तरांना दुसरी होडी मिळणार नव्हती, आणि दुसरा भोंगा तर नाहीच नाही.

"दोष पँटीचा आहे," ते बायकोला म्हणाले. "अशी जड पँट घालून विशीतला पोरगाही चढणार नाही."

"विशीत तुम्ही हीच घालून चढत होतात," बायको म्हणाली. "नाचता येईना अंगण वाकडं."

"विशीत नव्हे, तेव्हा मी चाळिशीचा होतो."

"मग तर झालंच," बायको म्हणाली, पण दुकानात ती बरोबर गेली. एकटं सोडलं तर नवरा माप न घेताच काहीतरी उचलून आणेल अशी तिला भीती होती. शिंपी स्वतःच्या मापाला नेहमी चुकतो, हे तिने संसारभर पाहिलं होतं.

दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. आत रबराचा आणि नव्या दोऱ्यांचा वास होता आणि छताला पँटी ओळीने उलट्या टांगलेल्या होत्या. दुकानदारीण उंच होती, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं तुटक.

"नदीत उभं राहून धरणार की होडीतून?" तिने विचारलं.

"होडीतून."

"मग छातीपर्यंतची कशाला, काका? होडीत बसायला पावसाळी पँट आणि आखूड बूट पुरतात. उगाच ओझं."

"बसतो तो दुसरा. मी ढकलतो आणि मग चढतो."

तिने मास्तरांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. ते पाहणं मास्तरांच्या ओळखीचं होतं. माप घेण्याआधी ते स्वतः गिऱ्हाइकाकडे तसंच पाहायचे. ती आत गेली आणि राखाडी रंगाचं एक काहीतरी हातावर टाकून घेऊन आली.

मास्तरांनी ते घेतलं आणि त्यांचा हात वर उडाला, कारण त्यांनी ओझ्याची तयारी ठेवली होती आणि ओझं आलंच नाही. रबर नव्हतंच, कापड होतं. पातळ, पण बोटांत धरलं की आतले थर कळत होते. त्यांनी पँट उलटी करून शिवण पाहिली. प्रत्येक टाक्यावर आतून पट्टी चिकटवलेली होती, पाणी शिरायला जागा नव्हती. जांघेत कळी घातलेली होती, म्हणजे पाय कितीही वर उचलला तरी कापड ओढ देणार नाही. गुडघ्यावर दुहेरी कापड होतं. मग त्यांनी खांद्याचे पट्टे दोन्ही मुठींत धरून ताकद लावून ओढले. पट्टे हलले नाहीत.

"शिवण चांगली आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती निघायला माणसं वर्षानुवर्षं वाट पाहायची.

अंगात घातल्यावर मात्र त्यांचं तोंड वाकडं झालं. "ही ढगळ आहे."

"ढगळच हवी," दुकानदारीण म्हणाली. "आत लोकरीची पँट घालाल. शिवाय गुडघा वर उचलायचाय ना तुम्हाला? अंगाबरोबर घेतलीत तर मांडीला अडकेल."

ढगळ हा शब्द मास्तरांच्या दुकानात शिवीसारखा होता. कुणी 'जरा ढगळ ठेवा' म्हणालं की ते टेप गळ्यात टाकून 'मग पोतं घ्या' म्हणायचे. पण ते आरशात स्वतःकडे पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "असू दे. ढगळच द्या."

"माझे कपडे यांनी असे शिवले की जेवल्यावर उठायची चोरी," बायको दुकानदारिणीला म्हणाली. "आणि आता स्वतःला बघा."

बुटांचं प्रकरण लांबलं. दुकानदारिणीने आधी वेगळे बूट काढले, लेस बांधायचे, घोट्याला आधार देणारे. "लेस वाकून बांधता येते ना?" तिने विचारलं. मास्तर "न यायला काय झालं" म्हणाले, स्टुलावर बसले आणि वाकले. हात पोटरीपर्यंत गेले आणि तिथेच राहिले. ते अजून थोडे वाकले, चेहरा लाल झाला, श्वास कोंडला, पण लेस काही जवळ येईना. बायको छताला टांगलेल्या पँटी फार बारकाईने पाहू लागली. दुकानदारिणीने ते बूट खोक्यात घातले आणि पँटीलाच जोडलेल्या बुटांची तसलीच पँट काढली. बूट फेसासारख्या हलक्या रबराचे, पाय नुसता सरकवला की आत. तळव्याला लोकर लावलेले बूट तिने दाखवलेसुद्धा नाहीत. ती लोकर पाणी पिते, मग पाय शिशाचे होतात, आणि होडीच्या ओल्या फळीवर घसरते ती वेगळीच, असं तिने सांगितलं. खिळे ठोकलेले तळवे होडी फाडतात. मऊ रबराचा, बारीक रेघांचा तळवा, त्याला तोड नाही. मास्तर त्या बुटांत दोन पावलं चालले. पायात काही आहे असं वाटतच नव्हतं.

"कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा, त्यात आळस नको," ती म्हणाली. "पाण्यात पडलात आणि वरून पाणी शिरलं तर पँट हलकी असून उपयोग नाही. आणि एक. घडी घालून ठेवू नका. टांगून ठेवा. घडी पडली की तिथे आतला थर चिरतो आणि पँट संपते."

"कापडाचं मला सांगू नका," मास्तर म्हणाले, पण खुशीत म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "तुमच्या काउंटरवर एकदा पाय टाकून बघू का?"

ती म्हणाली बघा. मास्तरांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले, दम धरला आणि उजवा पाय वर टाकला. पाय गेला. गुडघा वर आला, कापड कुठेही अडलं नाही, आणि मास्तर एका मांडीने काउंटरवर बसले, घोड्यावर बसल्यासारखे, आणि तिथून त्यांनी बायकोकडे पाहिलं. काउंटर होडीच्या काठापेक्षा वीतभर बुटका होता. टेप त्यांच्या खिशात होता, तो नेहमीच असायचा. त्यांच्या नजरेला ती वीत स्वच्छ दिसली होती, तरी त्यांनी टेप बाहेर काढला नाही.

घरी मात्र टेबल होतं. कापड कापायचं ते जुनं टेबल उंचीला होडीच्या काठाबरोबर भरायचं. मास्तर रोज दुपारी पँट चढवायचे, पट्टा आवळायचे आणि टेबलावर हात टेकून उसळी मारायचे. पहिले काही दिवस ते वर गेलेच नाहीत. मग एकदा पोटापर्यंत गेले आणि तिथे लटकले, पाय मागे हवेत. बायकोने दारातून ते पाहिलं आणि आत निघून गेली. तिला हसू आलं होतं आणि हसू आल्याची लाजही वाटली होती. काही दिवसांनी त्यांचा गुडघा टेबलावर चढला. त्यांनी तो पुन्हा चढवून पाहिला. तेव्हाही चढला. त्या संध्याकाळी ते दोन घास जास्त जेवले.

"चढलो की नाही?" ते म्हणाले. "दोष पँटीचाच होता."

"टेबल डुगडुगत नाही," बायको म्हणाली. "आणि खाली फरशी आहे."

"तू आणि तुझा भाऊ. दोघांच्या तोंडातून माणसाबद्दल एक चांगला शब्द निघेल तर शपथ."

"दादा शिव्या देतोय तोवर काळजी करू नका," ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "बाबांच्या शेवटच्या दिवसांत तो त्यांच्याशी इतकं गोड बोलायला लागला होता, की बाबांनी मला बाजूला बोलावून विचारलं, डॉक्टर काय म्हणाले गं मला? मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना दादाच्या बोलण्यावरून कळलं."

मास्तर हसले. त्यांनी जेवण आटोपून भोंग्याला फोन लावला आणि नवी पँट आणल्याचं सांगितलं. किती हलकी आहे तेही सांगितलं.

"प्लॅस्टिकची पिशवी घालून येणार तू?" पलीकडून भोंगा एवढ्याने ओरडला की बायकोलाही ऐकू गेलं. "बाजारात भाजी आणायला निघालास का, टोणग्या?"

मास्तरांनी फोन ठेवला आणि फार दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

मोसमाच्या पहिल्या रविवारी सकाळ थंड आणि स्वच्छ होती. होडी झाडाखाली पालथी होती, ती दोघांनी सरळ केली, खडीवरून ओढत पाण्याशी आणली. भोंग्याचं कमरेचं हाड मध्यंतरी डॉक्टरांनी बदललं होतं, त्यामुळे तो ओढताना एका बाजूला कलायचा, पण खांदे अजून बैलासारखे होते. त्याने मास्तरांना पँट चढवताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ही कुणाची रे? शेजाऱ्याची? जन्मभर लोकांना आवळून मारलंस आणि स्वतःला तंबू शिवून घेतलास?"

"शिवली नाही. विकत घेतली. आणि तू बस गपचूप आत."

"बसतो, अकलेच्या कांद्या. ढकल तुझा तंबू."

भोंगा वल्ही घेऊन बसला आणि मास्तरांनी मागून खांदा लावला. होडी खडीवरून खरवडत निघाली आणि पाण्यात उतरताच हलकी झाली. मास्तर गुडघाभर पाण्यात गेले, मग मांडीभर. जुन्या पँटीत या ठिकाणी पाय उचलताना तळं जणू घोटा धरून ठेवायचं. आज पाय सहज उचलला जात होता. थंडी आत पोचत नव्हती. तळव्याखालची खडी नीट कळत होती आणि बूट कुठे घसरत नव्हता. मास्तरांच्या मनात आलं की हे सगळं आधीच करायला हवं होतं, उगाच इतकी वर्षं त्या रबराशी झटलो. त्यांना खरोखर आनंद झाला. त्या सकाळच्या पाण्यात उभं असताना, भोंग्याचं टक्कल समोर, हात होडीच्या लाकडावर, असा तो आनंद होता.

"चढतोय," ते म्हणाले.

भोंगा उठला, उजव्या कडेवर गेला आणि पाठ करून बाहेर झुकून बसला.

मास्तरांनी डाव्या कडेवर हात टेकले, गुडघे वाकवले आणि उसळी मारली. कड खाली दबली, होडी बाजूला सरकली, टेबल कधी सरकलं नव्हतं तशी, आणि मास्तर परत होते तिथे आले. त्यांनी पुन्हा हात टेकले. या वेळी ते पोटापर्यंत वर गेले. मग उजवा पाय उचलायचा होता. त्यांनी तो उचलला, म्हणजे उचलायचा हुकूम दिला, आणि पाय पाण्यातच राहिला.

भोंगा काही बोलला नाही. एरवी एव्हाना हत्ती झाला असता, म्हैस झाली असती.

मास्तर कडेला छाती टेकून तसेच राहिले आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आल्यावर कपडा तपासावा तशी त्यांनी मनातल्या मनात पँट तपासली. मांडीला अडत होती का? नाही, ढगळ होती. जड होती? नव्हती. कळी ओढ देत होती? अजिबात नाही. बूट घसरत होता? तळवा खडीला घट्ट धरून होता. पट्टा सैल होता, आत पाणी गेलं होतं? आत सगळं कोरडं आणि उबदार होतं. त्यांनी सगळ्या शिवणी पुन्हा एकदा पाहून घेतल्या आणि त्यांना कुठेच दोष सापडला नाही. पँट बरोबर होती. त्या बरोबर पँटीच्या आत डावी मांडी एकसारखी थरथरत होती, आणि उजवी तर तेवढंही करत नव्हती.

मग मास्तरांना भीती वाटली. पाण्याची नाही, पाणी मांडीभरच होतं. आता दोष द्यायला काही उरलं नाही याची भीती वाटली, आणि लाज वाटली. एकदा तरी उसनं अवसान आणून पाहावं म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा उसळी मारली. कड दबली आणि बराच वेळ दबलेली राहिली. 'तू जा, मी आज काठावर बसतो' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ते वाक्य त्यांनी हिवाळाभर तयार ठेवलं होतं, फक्त ते कधी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पण ते बोलायच्या आत होडी हलली. भोंगा उजव्या कडेवरून उतरला होता. तो होडीच्या तळाशी गुडघ्यांवर बसला, दोन्ही पाय मागच्या कडेला रोवले, आणि कसलाही आवाज न करता त्याने मास्तरांच्या खांद्याचे पट्टे दोन्ही मुठींत धरले. होडी उलटली त्या पहिल्या वर्षानंतर मास्तरांनी या जागेवरून त्याचा चेहरा आजच पाहिला. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता, पट्ट्यांकडे पाहत होता. मग त्याने ओढलं. होडी एवढी कलली की थोडं पाणी आत आलं, आणि मास्तर कडेवरून घासत, पोटावर, गळाला लागलेल्या माशासारखे तळाच्या फळ्यांवर येऊन पडले. पट्टे तुटले नाहीत. शिवण खरोखरच चांगली होती.

मास्तर डोळे मिटून शिव्यांची वाट पाहत पडून राहिले.

"लागलं नाही ना कुठे?" भोंगा म्हणाला.

हळू आवाजात म्हणाला. मास्तरांनी डोळे उघडले.

"सावकाश ऊठ," भोंगा म्हणाला. "घाई नाही. मी धरतो."

पुढे सगळं रविवारसारखंच झालं. तळ्याच्या मध्यावर जाऊन नांगर टाकला, गळ टाकले, थर्मास उघडला. पण चहा आधी मास्तरांच्या हातात आला. गळाला आमिष लावायला मास्तर पिशवीकडे वाकले तर भोंग्याने "असू दे, मी लावतो" म्हणून गळ त्यांच्या हातातून घेतला, जन्मभर सुईशी खेळलेल्या माणसाच्या हातातून. ऊन येतंय का, पाठीला काही टेकायला देऊ का, असं त्याने विचारलं. मास्तरांच्या गळाला चांगला मोठा मासा लागला आणि त्यांनी घाईत दोरा सैल सोडून तो घालवला. एवढ्या चुकीवर पूर्वी भोंग्याने शेजारच्या होड्यांना साक्षीला बोलावलं असतं.

"जाऊ दे," भोंगा म्हणाला. "होतं असं."

मास्तरांनी त्याला डिवचून पाहिलं. "बोल ना, रताळ्या म्हण. मासा घालवला मी."

"छे, मोठा होता तो. कुणाच्याही हातून गेला असता," भोंगा म्हणाला आणि पाण्याकडे पाहत राहिला.

परत येताना होडी काठाशी आली की मास्तरांनी उतरून ती ओढायची, हे ठरलेलं. ते उठायला लागले. भोंग्याने "बस तू" म्हटलं, जोर लावून वल्ही मारली आणि होडी खडीला टेकताच स्वतः कड ओलांडून पाण्यात उतरला. त्याच्या पायात साधे चामड्याचे बूट होते. ते भरून वाहिले, पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि तो बदललेल्या हाडावर कलत कलत होडी ओढू लागला. मास्तर पाण्याचा थेंब न शिरणारी पँट घालून आत बसून होते. अगदी कोरड्यापर्यंत ओढून आणल्यावर भोंग्याने त्यांना उतरायला हात दिला. मास्तरांनी तो घेतला.

होडी पालथी घालून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"बघू," भोंगा म्हणाला. "हवा कशी आहे ते बघू."

भोंग्याने आयुष्यात कधी हवा पाहिली नव्हती. गारा पडत असताना त्याने होडी घातली होती. तो बूट उलटे करून त्यातलं पाणी खडीवर ओतत होता, आणि ओतताना त्याने मास्तरांना नावाने हाक मारली. खऱ्या नावाने. त्याला ते आठवत होतं.

"पँट चांगली आहे तुझी," तो म्हणाला. "हलकी आहे. चांगली घेतलीस."

घरी बायको खिडकीशी बसली होती. मास्तरांनी पँट हातावर घेऊन दार लोटलं. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग पँटीकडे.

"चढलात?"

"होडीत बसलो," मास्तर म्हणाले.

"दादा काय म्हणाला?"

मास्तरांनी मागे वळून दार लावलं. "पँट चांगली आहे म्हणाला. हलकी आहे, चांगली घेतलीस म्हणाला." आणि मग, तिच्याकडे न पाहता, "नावाने हाक मारली मला."

तिच्या भावाला तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. ती उठली, त्यांच्या हातातून पँट घेतली आणि आत हात घालून पाहिला.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

"एक थेंब गेला नाही," मास्तर म्हणाले. "काम पक्कं आहे."

तिने पँट कापायच्या टेबलावर पसरली, पट्टे आत दुमडले आणि ती पँटीची घडी घालू लागली, ठेवणीतल्या कपड्यांची घालतात तशी, कपाटात सगळ्यात वरच्या खणात बसेल अशी. घडी घालायची नसते, घडीवर ती चिरते, हे मास्तरांना ठाऊक होतं आणि तिलाही. दुकानदारिणीने दोघांसमोरच सांगितलं होतं. मास्तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले, त्यांनी बुटांकडचं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती घडी पुरी केली.